ओळंब्यातली भिंत

आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत पाऊण इंच बाहेर झुकलेली आहे, हे मला वास्तुशांतीच्या दिवशी, भर सत्यनारायणात कळलं. गुरुजी तिसऱ्या अध्यायावर आले होते. मी आणि आमचे हे पाटावर, पाहुणे सतरंजीवर, आणि माझ्याबरोबर नोकरीला असलेले हे गृहस्थ खुर्चीवर चढून, भिंतीला दोरा धरून, एक डोळा मिटून उभे! दोऱ्याच्या टोकाला पितळेचं वजन हलत होतं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, गुरुजीसुद्धा वाचायचे थांबले. "पाऊण इंच बाहेर आहे," त्यांनी जाहीर केलं, "गवंड्याला बोलवा." असा संताप आला होता मला! प्रसादाचा शिरा त्यांच्या द्रोणात मी मुद्दाम कमी वाढला. तो खाऊन ते म्हणाले, "शिरा उत्तम झालाय हो, मॅडम."

हे गृहस्थ आणि मी, दोघंही नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये, ते टर्बाइनच्या देखभालीला. गवंडी लोक भिंत सरळ आहे का ते बघायला जो ओळंबा वापरतात, तो त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात कायम असायचा. टर्बाइनवाल्या माणसाला ओळंब्याचं काय काम, हे विचारायची सोय नव्हती, कारण मग अर्धा तास उत्तर मिळायचं. त्या वजनाने खिसे फाटायचे, म्हणून वहिनी, म्हणजे त्यांची बायको, प्रत्येक नव्या शर्टाच्या डाव्या खिशाला आतून दुहेरी कापड शिवून द्यायच्या. सगळं वीजकेंद्र त्यांना 'ओळंबा' म्हणायचं. एकदा ऑफिसात नवीन लागलेल्या क्लार्कने त्यांच्या रजेचा मंजुरीचा कागद 'श्री. ओळंबे' नावाने टाइप करून पाठवला. त्यांनी निमूट सही करून तो घेतला. म्हणाले, रजा मिळाल्याशी कारण.

दुसरी सवय याहून वैतागाची. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच शब्द यायचा, "दाखवा." कँटीनच्या मावशी म्हणाल्या बटाटेवडे संपले, की हे आत जाऊन परातीवरचं झाकण उचलणार. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हटलं, तर मशीन स्वतःकडे फिरवून घेणार. मी लॅबमधून बॉयलरच्या पाण्याच्या आकड्यांची चिठ्ठी पाठवायची, आणि दहा मिनिटांत हे दोन जिने चढून बाटली बघायला हजर. असं महिन्यातून चार वेळा. शेवटी एक दिवस मी भडकले. म्हटलं, "अहो, मी काय खोटं लिहिते का? विश्वास नसेल तर साहेबांना सांगून दुसरी बाई मागवा!"

"तुमच्यावर विश्वास आहे हो," ते शांतपणे म्हणाले. "पण मी बघितलेलं नाही ना."

कपाळ माझं! पुढे मी बाटल्या त्यांच्यासाठी खिडकीत मांडूनच ठेवायला लागले. बाटली बघून झाली की ते घरून आणलेली चिक्की माझ्या टेबलावर ठेवून जायचे. वहिनींनी केलेली असायची ती. अशी आमची मैत्री झाली. आमचे हे आणि वहिनी, आम्ही चौघं मग सणावाराला एकमेकांकडे जेवायला जायचो. पण एवढ्या वर्षांत माझा एक शब्द त्यांनी बघितल्याशिवाय मानला असेल तर शपथ.

निवृत्त झाल्यावर माणसं गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, फिरायला जातात, नातवंडं खेळवतात. यांना मूलबाळ नव्हतं. अंबडच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याने त्यांना टांझानियात पंप बसवायला दोन महिने पाठवलं. परत आले ते थेट आमच्या घरी, बॅगसुद्धा रिक्षातच होती.

"मॅडम, तिथे कांदा होतो. आपल्यासारखा, लाल, गरगरीत. आणि रस्त्याकडेला ढीग लावून सडतो. पिकवता येतो, ठेवता येत नाही. व्यापाऱ्याचा ट्रक येईल तेव्हा देईल त्या भावाला द्यायचा, नाही आला तर बघत बसायचं."

"मग?"

"तुमच्या वडलांची चाळ आहे ना अजून? ती दाखवा."

माझं माहेर लासलगावजवळचं. आमच्याकडे उन्हाळ कांदा काढला की चाळीत भरतात. जमिनीपासून वर उचललेलं लांबलचक घर, बाजूंना बांबूच्या फटी, वर छप्पर. फटींतून वारा खेळता राहिला तर कांदा पाच-सहा महिने टिकतो. वारा कोंडला की संपलं. मी पोरगी असताना वडील रोज सकाळी मला चाळीकडे पाठवायचे. "जा गं, वास घिऊन ये. तुझं नाक लय तिखट हाय." मी चाळीच्या बोळातून नाक पुढे करून चालत जायची आणि कुठे एक कांदा जरी नासला असेल तरी बोट दाखवायची. आतलं सडणं वरून दिसत नाही, ते आधी नाकालाच कळतं. घरात माझ्या अभ्यासाचं कौतुक कुणी केलं नाही, पण नाकाचं झालं.

आता ती चाळ माझ्या भावाकडे आहे. हे गृहस्थ तिथे तीन दिवस टेप घेऊन राहिले. बांबूबांबूतलं अंतर, छपराचा उतार, जोत्याची उंची, सगळं आलेखाच्या कागदावर उतरवलं. पूर्वेकडे आमच्या चाळीला गोठ्याची भिंत लागून आहे, त्यामुळे ती बाजू बंद. पश्चिमेची पूर्ण मोकळी. तेही त्यांनी तसंच उतरवलं. भाऊ मला हळूच म्हणाला, "अक्का, हा मानूस बरा हाय ना? रात्री चाळीत बॅटरी घेऊन फिरतो."

तशी चाळ तिकडे बांधायला ते जाणार होते, वहिनींना घेऊन. दोघांचे पासपोर्ट झाले, वहिनींनी सुती साड्यांना फॉल लावून घेतले, आणि कोरोना आला. दोघांनाही एकदमच झाला. ते घरी आले, वहिनी आल्या नाहीत. आम्हाला भेटायलाही जाता आलं नाही. त्यानंतर वर्षभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. एक दिवस फोन आला, "मॅडम, मी निघालो. कुलूप लावलंय. किल्ली तुमच्याकडे ठेवतो."

तिथून ते दर रविवारी फोन करायचे. जोतं झालं. बांबू मिळाला. गावातल्या बायकांचा गट तयार झाला, त्यांची पुढारी मामा नीमा. (तिकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आणि 'मामा' म्हणजे आई. हे समजेपर्यंत मी तिला पुरुष समजत होते.) मग ऑगस्टच्या शेवटी फोन आला की चाळ भरली! बावीस घरांचा कांदा. व्यापाऱ्याचा ट्रक दारात आला होता, बायकांचं मन डळमळत होतं, तेव्हा यांनी हात जोडून सांगितलं, देऊ नका, वर्ष संपेपर्यंत थांबा, जबाबदारी माझी. आणि एक नियम केला. तोवर ढिगाला कुणी हात लावायचा नाही. "या बघायला," ते म्हणाले. "तुमच्या वडलांची चाळ आहे, तुम्ही बघायलाच पाहिजे."

मला नाशिकरोडच्या पुढे जायचं म्हटलं तरी कंटाळा. पण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला काही दाखवतो म्हटलं होतं. आमचे हे म्हणाले, "माझ्या गुडघ्यांना विमान झेपायचं नाही, तू जा. एवढा जीव टाकून बोलावतोय तो माणूस." नवरात्र संपल्यावर मी निघाले. पिशवीत भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला. दार-ए-सलामला उतरून पुढे अख्खा दिवस बस, मग एका जीपच्या मागच्या फळीवर. हाडं खिळखिळी झाली. मी मनात म्हणत होते, बाई गं, या वयात तुला हे कुणी सांगितलं होतं?

गाव बघितलं आणि वाटलं, अरे, हे तर आपल्या येवल्याकडचं माळरान! तीच लाल माती, त्याच बाभळी. फक्त मध्येमध्ये गोरखचिंचेची अवाढव्य झाडं. आणि वारा. पदर धरून चालावं लागत होतं. ते समोर आले, वाळलेले, काळवंडलेले, हसत. अंगात नवा शर्ट होता, आणि त्याचा डावा खिसा खालून फाटून लोंबत होता. ते बघून मला एकदम रडू आलं. मी धुळीवर ढकललं.

"आधी चाळ," ते म्हणाले.

चाळ बघितली आणि मी थक्क झाले. हुबेहूब! माझ्या वडलांनी पाहिली असती तर टोपी काढली असती. गोठा तिथे नव्हता, पण गोठ्याच्या भिंतीच्या जागी यांनी पूर्वेला मातीच्या विटांची चांगली दीड पुरुष उंच भिंत उभी केली होती. तिच्यावर थाप मारून म्हणाले, "बघा, दोरा लावून बघा. केसाइतका फरक नाही. इथे पूर्वेकडून सारखी धूळ येते, मॅडम, पण या भिंतीमुळे आत कण जात नाही."

मी बोळात पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले.

वास होता. अगदी पुसट, गोडसर, ओल्या गोणपाटासारखा. त्या वासाने मी सात वर्षांची झाले. ढीग वरून छान दिसत होता, कोरडा, लाल, चमकदार. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते आनंदाने नुसते फुलले होते. मला वाटलं, आत्ताच आलेय, थकलेय, नाकात बसचं डिझेल आहे, उद्या बघू. खरं सांगते, मी भ्यायले.

संध्याकाळी मी त्यांच्या स्टोव्हवर आमटीला डाळ टाकली आणि हात-पाय धुवायला मागे गेले. ते स्टोव्हपासून दोन हातांवर वहीत काही लिहीत बसले होते. परत येते तो खोलीत धूर, डाळ खालून लागून कोळसा झालेली, आणि हे आपले लिहितायत! "अहो, डाळ!" मी ओरडले. त्यांनी वर बघितलं, धूर बघितला, आणि मग उठले. आधी धूर बघितला. मी पातेलं उतरवून ठेवलं आणि त्यांच्यासमोर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "कोरोनापासून. डॉक्टर म्हणाले वास येईल परत. नाही आला."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला सांगू? ती असती तर तिला सांगितलं असतं." त्यांनी फाटका खिसा चाचपला. "घरी आलो ना हॉस्पिटलमधून, तर कपाट उघडून उभा राहिलो. ती शिकेकाईत नागरमोथा घालायची, माहिताय ना तुम्हाला. वाटलं साड्यांना येईल. काहीच नाही आलं. मग कळलं की साड्यांचा नाही, माझा दोष आहे. कपाट बंद करून टाकलं."

पण उद्यावर ढकललेलं आता ढकलून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, चाळीत वास आहे." मी त्यांना अण्णा कधीच म्हणत नसे, त्या वेळी तोंडातून गेलं.

ते ताठ झाले आणि तोच शब्द आला. "दाखवा."

"वास कसा दाखवू? ढीग फोडावा लागेल."

"नाही. ढीग फोडायचा नाही. मी बावीस घरांना शब्द दिलाय. तुम्ही म्हणता म्हणून फोडला आणि आत चांगला निघाला, तर हललेला कांदा टिकत नाही हे तुम्हीच मला शिकवलंय. बायका घाबरून दुसऱ्या दिवशी ट्रक बोलावतील. पुन्हा कोण ठेवणार चाळीत? वरून कांदा बघा, एक डाग नाही."

"वरून दिसत नसतं!"

"मग मी कशावरून मानू?"

मी चिडले. मोठ्याने बोलले. वीजकेंद्रातल्या सगळ्या बाटल्या काढल्या. ते ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. शेवटी मी न जेवता झोपले.

सकाळी मी एकटीच चाळीकडे गेले, तर मामा नीमा तिथे उभी. साठीची बाई, उंच, गुडघ्यापर्यंत छापील कापड नेसलेली, दुसरं खांद्यावर. तिला थोडं इंग्रजी यायचं, मला थोडं. मी नाकाला बोट लावलं. तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, तीन आठवडे झाले. मी सांगितलं त्याला. तो म्हणतो दाखव.

मग तिने मला आणखी एक गोष्ट दाखवली. भिंतीच्या बाहेर, पूर्वेकडे तोंड करून ती उभी राहिली आणि खांद्यावरचं कापड दोन्ही हातांनी वर धरलं. ते सटकन फुगून तिच्या मागे फडफडायला लागलं. मग ती मला भिंतीच्या आत, चाळीत घेऊन गेली आणि तसंच कापड धरलं. कापड सरळ खाली लोंबत राहिलं. भिंत बांधायला घेतली त्या दिवशीही मी अशीच उभी राहिले होते, ती म्हणाली. त्याला वाटलं, मी धुळीची तक्रार करतेय.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. चाळीची पश्चिम मोकळी ठेवायची, पूर्वेला गोठा असो नाही तर भिंत असो, काही बिघडत नाही. निफाड-लासलगावकडचा कुठलाही माणूस घ्या, वारा कुठून येतो हे तो विचारणारच नाही, सूर्य कुठून उगवतो हे कुणी विचारतं का? त्या भल्या माणसाने प्रत्येक बांबू मोजला, आणि वारा आमच्या शिवारातून जसाच्या तसा उचलून तिथे नेला. इथे तो पूर्वेकडून येत होता. आणि चाळ तर आमची होती, नकाशा आमच्या घरचा होता. मी तीन दिवस त्यांना चहा करून दिला होता, पण हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी त्यांना हाताला धरून आणलं. त्यांना भिंतीबाहेर उभं केलं, मामा नीमाने कापड धरलं. मग आत उभं केलं, पुन्हा धरलं. ते त्या लोंबणाऱ्या कापडाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून ओळंबा काढला, आणि मला वाटलं आता हा माणूस भिंत मोजणार! पण त्यांनी दोरा सोडून तो नुसता हवेत धरला. बाहेर वजन एका बाजूला तिरकं झुकून थरथरत होतं. आत ते सरळ उभं राहिलं, जराही हललं नाही.

"वारा नाहीये," ते म्हणाले.

"नाही."

"आणि वास आहे?"

"आहे," मी म्हटलं. मामा नीमाने मान हलवली.

मी वाट बघत होते, आता 'दाखवा' म्हणतील. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बोलवा सगळ्यांना," ते म्हणाले. "लोकांसमोरच ढीग फोडायचा."

बावीस घरांतली माणसं जमेपर्यंत ऊन तापलं. ते चाळीच्या पायरीवर उभे राहिले आणि त्या लोकांच्या भाषेत मोडकंतोडकं बोलले. मला समजलं नाही, पण त्यांनी भिंतीकडे बोट केलं, स्वतःच्या नाकाकडे केलं, मग मामा नीमाकडे, आणि छातीवर हात ठेवला, हे मी बघितलं. एवढी वर्षं सगळ्यांपासून लपवलेली गोष्ट त्यांनी भर उन्हात बावीस घरांसमोर सांगितली. मग स्वतः ढिगात हात घातला. कोपरापर्यंत हात आत गेला आणि काळा, चिकट होऊन बाहेर आला. आता तर वास सगळ्या आवारात पसरला. सगळ्यांना आला, एक त्यांना सोडून.

भिंतीलगतचा सगळा कांदा गेला होता. पश्चिमेकडचा, फटींजवळचा, तेवढा चांगला होता. कुणी आरडाओरडा केला नाही, तेच मला सहन होईना. एक बाई खाली बसली आणि डोक्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली. एक माणूस न बोलता निघून गेला. मला वाटलं संपलं, आता कुणी थांबत नाही. अर्ध्या तासाने तो माणूस परत आला, खांद्यावर रिकामी पोती घेऊन, आणि चांगला कांदा निवडायला बसला. मग सगळेच बसले. मीही बसले. चार दिवस आम्ही कांदा निवडला. माझ्या हातांचा वास नाशिकला येईपर्यंत गेला नाही.

मामा नीमा त्यांच्याजवळ गेली तेव्हा मी जवळच होते. ती एवढंच म्हणाली, "पोले." तिकडे दुसऱ्याचं काही वाईट झालं की असं म्हणतात, आपली चूक असो-नसो. नुकसान तिचं झालं होतं, आणि पोले ती यांना म्हणत होती.

भिंत त्यांनी स्वतः पाडली. पहार घेऊन, कुणाला हात लावू न देता. वरून एक-एक थर काढत होते आणि मधून मधून थांबत होते. खालचा शेवटचा थर राहिला तरी सुतात होता. त्या दुपारपासून चाळीत इतका वारा शिरला की उरलेल्या कांद्याची टरफलं उडायला लागली. रात्री मी त्यांच्या सगळ्या शर्टांना डाव्या खिशाला आतून कापड शिवून दिलं. वहिनींसारखा बारीक टाका मला येत नाही. त्यांनी खिशात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "चालेल."

उरलेला कांदा वर्षाअखेरपर्यंत टिकला. पुढच्या हंगामात बावीसपैकी एकोणीस घरं पुन्हा आली. तीन आली नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. रविवारचा फोन चालू आहे. आता रोज सकाळी मामा नीमा आधी चाळीतून फिरून येते, आणि हे बाहेर पायरीवर बसतात. ती बाहेर येऊन सांगते आणि हे वहीत लिहितात. "आणि दाखव म्हणत नाही?" मी फोनवर डिवचलं. "वेळ जातो हो त्यात," ते म्हणाले.

गेल्या महिन्यात ते नाशिकला आले. आमच्याकडे किल्ली घ्यायला आले तेव्हा मी पश्चिमेच्या भिंतीकडे बघून हसले. तेही हसले, पण खिशाला हात लावला नाही. चहा झाला. किल्ली हातात घेऊन ते दारात घुटमळले.

"मॅडम, पाच मिनिटं याल का घरी?"

घर किती तरी दिवस बंद होतं. त्यांनी दिवा लावला, मला आतल्या खोलीत नेलं आणि वहिनींचं कपाट उघडलं. साड्या घडीच्या घडी तशाच. फॉल लावून घेतलेल्या त्या सुती साड्या सगळ्यात वर होत्या. ते बाजूला झाले.

"बघा बरं," ते म्हणाले. "आहे का अजून?"

काय ही माझ्यावर वेळ आणली देवाने! मी एकेक साडी काढली, घडी उलगडली, नाकाला लावली. डांबराच्या गोळ्या होत्या. कोंदटपणा होता, बंद कापडाचा. मी सगळ्यात खालची, त्यांची रोजच्या नेसण्यातली जांभळी साडी काढली आणि डोळे मिटून तिच्यात तोंड खुपसलं. शिकेकाई नव्हती. नागरमोथा नव्हता. 'आहे' म्हणायला माझं काय जात होतं? एक शब्द. तो तर ओठांवर आला होता. मी डोळे उघडले. ते माझ्याकडे बघत होते, मामा नीमाची वाट बघत पायरीवर बसतात ना, तसेच, जे सांगाल ते लिहून घेतो अशा चेहऱ्याने.

"नाही हो," मी म्हटलं. "राहिला नाही."

त्यांनी मान हलवली. साडी माझ्या हातातून घेतली, तिची घडी केली, ती नीट कपाटात ठेवली. मला वाटलं आता कपाट लावतील. पण त्यांनी दोन्ही दारं तशीच सताड उघडी ठेवली आणि पश्चिमेच्या खिडकीपाशी गेले. कडी गंजली होती, हाताच्या चार धक्क्यांनी ती सुटली, आणि आमचा नाशिकचा वारा आत आला.

"बरं झालं, खरं सांगितलंत," ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून, माझ्यासमोर, पहिल्यांदाच रडले.